चव घोटभर, बाकीची दारू

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्या मधे उंबरमाळी हे छोटे स्थानक आहे. शहापूर तालुक्याचा हा टापू घाटाच्या अगदी पायथ्याचा. पावसाळ्यात भात, नागली, वरी. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट. द्राक्षाचा वेल इथे औषधालाही दिसत नाही, कारण इथला पाऊस आणि दमट हवा त्याला मानवत नाही. पण घाट चढून इगतपुरीच्या पुढे गेले की हवा कोरडी होत जाते आणि नाशिकपर्यंत द्राक्षबागा सुरू होतात. त्यामुळे वाइन इथे पिकत नसली तरी वाइनचा रस्ता इथूनच जातो. शनिवारी सकाळी मुंबई-ठाण्याच्या गाड्या याच टापूतून घाट चढतात आणि रविवारी संध्याकाळी याच टापूतून उतरतात. सकाळी चढणारा आणि संध्याकाळी उतरणारा चालक कागदोपत्री एकच असतो. त्याच्या रक्तातला फरक मात्र मोजता येतो.

नाशिकची वाइन ही आता नवलाई राहिलेली नाही. सुलाची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली, 2005 साली तिथे चाखणीची खोली सुरू झाली. पाठोपाठ गंगापूर धरणाच्या बाजूला आणि अलीकडे इगतपुरीच्या परिसरातही वायनऱ्या उभ्या राहिल्या. पाच-सहा पेले ओळीने मांडायचे, प्रत्येकात बोटभर वाइन ओतायची, रंग बघायचा, पेला फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा, आणि मग कशाबरोबर काय खावे ते ऐकायचे, असा हा कार्यक्रम. अनेकांना तो थोडा नाटकी वाटतो. पेला फिरवून ‘पेरूचा वास येतोय’ म्हणणाऱ्याकडे बघून शेजारचा हसू दाबतो. पण यात हसण्यासारखे फारसे काही नाही. चाखणी हे खरे कौशल्य आहे आणि त्यामागे चांगले शरीरशास्त्र आहे. घोळ होतो तो पुढे, चाखणे संपून पिणे सुरू होते तिथे. आणि त्या पिण्याला आरोग्याचे प्रमाणपत्र चिकटवले जाते तेव्हा तर जास्तच.

आधी चवीचे बोलू. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट असा नकाशा अनेकांनी शाळेत पाठ केलेला असतो. तो चुकीचा आहे. सगळ्या मूळ चवी जिभेवर जवळपास सगळीकडे कळतात. मूळ चवी पाच: गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्शात किंवा सुक्या मासळीत जाणवते ती ‘उमामी’. बाकी आपण ज्याला चव म्हणतो तो बहुतांशी वास असतो. घास चावताना त्याची वाफ घशाच्या मागून नाकात चढते आणि मेंदू तो वास जिभेच्या नावावर जमा करतो. सर्दी झाल्यावर जेवण बेचव लागते ते यामुळे. वाइन तोंडात घोळवताना थोडी हवा आत ओढतात, तीही त्यासाठीच.

पेरूचा वास येतो म्हणणारा बहुधा खरेच सांगत असतो. सॉव्हिन्यॉं ब्लां या द्राक्षाच्या वाइनमध्ये गंधकयुक्त काही रेणू असतात. तसेच रेणू पेरूतही सापडतात. त्याच द्राक्षात ढोबळी मिरचीचा वास देणारा पायराझिन गटातला रेणूही असतो. वाइनमध्ये कुणी पेरू पिळलेला नसतो, मिरची चिरलेली नसते, पण नाकाला रेणूशी मतलब, फळाशी नाही. अडचण होते ती भाषेची. चाखणीची भाषा युरोपातून आली. ब्लॅककरंट न खाल्लेल्या माणसाला ‘ब्लॅककरंटचा वास’ सांगून काय उपयोग? जांभूळ, करवंद, चिंच, ओली माती, भाजलेले शेंगदाणे हे आपले शब्द. तेच वापरले तर लोक जास्त चांगले चाखतील.

एका बाबतीत तर मराठी माणूस चाखणीत जन्मतःच पुढे आहे. रेड वाइनने तोंड आवळते, गालाच्या आत कोरडेपणा येतो. आपण त्याला ‘तुरट’ म्हणतो. कच्चे केळे, जांभूळ, हिरडा तोंडात टाकल्यावर होते तेच. आयुर्वेदाच्या सहा रसांत कषाय हा एक रस आहे. आधुनिक शरीरशास्त्र म्हणते की तुरट ही चव नव्हे, स्पर्श आहे. द्राक्षाच्या सालीतले आणि बियांतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि गालाला खरखर लागते. तिखटही तसेच. सहा रसांत त्याला जागा आहे, पण शरीराच्या हिशेबात तिखट ही वेदना आहे. मिरचीतले कॅप्सेसिन जिथे बसते ते ग्राहक मुळात उष्णता ओळखण्यासाठी आहेत.

आता जेवणाशी जोडी. मटणाबरोबर रेड वाइन बरी लागते कारण टॅनिनला बांधायला लाळेऐवजी मांसातली प्रथिने आणि चरबी मिळते, त्यामुळे तोंड कमी आवळते. मीठ आणि आंबट वाइनला मऊ करतात. उमामी मात्र तिला जास्त कडू आणि कडक करते. सुक्या बोंबलाच्या कालवणाबरोबर रेड वाइन घेतली तर अनेकांना तोंडात धातूसारखी, मासळीची नकोशी चव येते. हा मनाचा खेळ नाही. जपानमधल्या संशोधकांनी 2009 साली दाखवले की वाइनमधल्या लोहामुळे हा प्रकार होतो. लोह जितके जास्त तितकी मासळीची उग्र चव जास्त. ‘माशाबरोबर व्हाइट’ या जुन्या नियमाला असे रासायनिक कारण सापडले. बटाटावड्याबरोबर बुडबुड्यांची कोरडी स्पार्कलिंग वाइन छान जाते, कारण आंबटपणा आणि वायू तेलकटपणा तोडतात. अर्थात सोडा-लिंबूही तेच काम करते, आणि स्वस्तात करते.

झणझणीत रश्श्याबरोबर काय, हा प्रश्न चाखणीच्या टेबलावर हमखास येतो. ‘थोडी गोडसर शेनिन ब्लां’ हे ठरलेले उत्तर चुकीचे नाही. गोडी तिखटाची धार थोडी बोथट करते. पण मिरची ज्या ग्राहकावर बसते त्याच ग्राहकाला अल्कोहोलही चेतवते. उष्णतेला प्रतिसाद देण्याची त्याची पातळी अल्कोहोलमुळे खाली येते, म्हणजे तोंडातले साधे तापमानही त्याला चटका वाटू लागते. त्यामुळे तिखटावर कडक वाइन म्हणजे आगीत तेल. दुधातले केसिन हे प्रथिन मात्र कॅप्सेसिनला ग्राहकापासून सोडवून नेते. म्हणून झणझणीत जेवणाबरोबर सर्वांत चांगली जोडी ताकाची. वायनरीच्या यादीत ताक नसते, हा भाग वेगळा.

जोडीची कल्पना आपल्या ताटाला नवी नाही. याच शहापूर-मुरबाडच्या रानात पावसाच्या तोंडावर शेवळे उगवतात. शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नुसती शिजवून खाल्ली तर घसा खवखवतो. म्हणून ठाणे जिल्ह्यातल्या बायका त्यात काकड नावाची आंबट-तुरट फळे घालतात, आणि खाज जाते. बाजारातही शेवळ्याच्या जुडीबरोबर काकडे ठेवलेली असतात. कोणत्या पदार्थाशी काय जाते याचे हे ज्ञान कुठल्याही सोमेलियेच्या ज्ञानाइतकेच बारीक आहे. फक्त त्याला पेला नाही आणि प्रवेशशुल्क नाही.

तरीही चवीचा गर्व फार करू नये, कारण जीभ सहज फसते. बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना बिनवासाच्या रंगाने लाल केलेली व्हाइट वाइन दिली. त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनला वापरतात त्या शब्दांत केले. हा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2008 साली एकच वाइन एकदा 10 डॉलरची आणि एकदा 90 डॉलरची म्हणून पाजली. महाग म्हटलेली लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही आनंदाशी संबंधित भाग जास्त चेतलेला दिसला. लोक खोटे बोलत नव्हते. त्यांना खरेच जास्त आवडली होती. चाखणीच्या खोलीत काचेपलीकडे बाग दिसते, सूर्य मावळत असतो, बरोबरची माणसे खुशीत असतात; तिथे आवडलेली बाटली घरी ट्यूबलाइटखाली आंबट का लागते, याचे कोडे इथे सुटते.

आणखी एक शरीरशास्त्रीय गोष्ट आहे, जी चाखणीच्या टेबलावर क्वचितच सांगितली जाते. नाक फार लवकर सरावते. एकच वास काही मिनिटे सलग घेतला की तो कमी जाणवू लागतो. तुरटपणा उलट घोटागणिक साचत जातो. चौथ्या-पाचव्या घोटाला बाकीच्या चवी त्याखाली दबतात. एकाच पदार्थाची गोडी खाता खाता कमी होते, हे तर प्रत्येकाने पहिल्या आणि पाचव्या जिलबीत अनुभवलेले असते. त्यात अल्कोहोल मेंदूत पोहोचू लागले की बारकावे ओळखण्याची क्षमता आणखी घसरते. म्हणजे चव म्हणून जे मिळायचे ते पहिल्या दोन-चार घोटांत मिळून जाते. उरलेला पेला, उरलेली बाटली जे काही करते ते अल्कोहोल म्हणून करते. व्यावसायिक चाखणारे म्हणूनच थुंकतात. टेबलाखाली किंवा कोपऱ्यात एक भांडे ठेवलेले असते. आपल्याकडे पानाच्या तबकाशेजारी पिकदाणी असायची, तीच ती. वायनरीत येणारा पाहुणा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पैसे भरलेत, थुंकायचे कशाला, असा साधा हिशेब असतो.

तर मग दुसरा हिशेब करावा. नाशिकच्या बहुतेक वाइनमध्ये 12 ते 14 टक्के अल्कोहोल असते. 13 टक्के धरले तर 750 मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण 77 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होते. 180 मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या ‘क्वार्टर’मध्ये, 42.8 टक्क्यांनी, ते सुमारे 61 ग्रॅम असते. वाइनची एक बाटली म्हणजे सव्वा क्वार्टर. दुपारच्या जेवणाला दोघांनी मिळून बाटली संपवली तर ‘जेवणाबरोबर थोडी वाइन घेतली’ असे म्हणतात. तेच दोघे क्वार्टर आणि वर थोडी अशी संपवून उठले असते तर काय म्हटले असते, याचा विचार करावा. यकृताला बाटलीचा आकार कळत नाही, बुचाची जातही कळत नाही. त्याच्यापुढे तोच इथेनॉल येतो आणि त्यातून तेच ॲसिटाल्डिहाइड तयार होते.

2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे जाहीरपणे सांगितले गेले. विरोध झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही. द्राक्ष उत्पादकाला चार पैसे मिळावेत हा त्यामागचा युक्तिवाद खोटा नव्हता. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून वाइनला करसवलती मिळाल्या त्याही त्याचसाठी. शेतीचा प्रश्न शेतीच्या शब्दांत मांडता येतो. त्यासाठी रसायनशास्त्र बदलण्याची गरज नाही. बाटलीवर तर अन्नसुरक्षा नियमांनुसार मद्यपान आरोग्याला घातक असल्याचा इशारा छापलेला असतोच; वाइनला त्यातून सूट नाही.

या समजाला बळ मिळाले ते ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ या वाक्यातून. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही हा प्रश्न आता येतो. रक्तदाबाची गोळी चालू असलेला, पोट सुटलेला, निवृत्तीला टेकलेला माणूस आवाज खाली आणून विचारतो, “डॉक्टरसाहेब, रोज एक पेग रेड वाइन घेतली तर चालेल ना? हृदयाला चांगली म्हणतात.” शेजारी बसलेली पत्नी उत्तराकडे कान लावून असते.

या वाक्याचा जन्म फ्रान्समधला. तिथले लोक लोणी, चीज भरपूर खातात आणि तरी त्यांच्यात हृदयविकार कमी, याचे श्रेय रेड वाइनला असावे, अशी मांडणी 1991 साली अमेरिकेतल्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात झाली आणि तिकडे रेड वाइनचा खप उसळला. पुढच्या वर्षी सर्ज रेनो या फ्रेंच शास्त्रज्ञाचा त्यावरचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. मग द्राक्षाच्या सालीतले रेस्व्हेराट्रॉल हे द्रव्य नायक बनले. रेड वाइनच्या एका लिटरमध्ये ते साधारण दोन-तीन मिलिग्रॅम असते. माणसांवरच्या प्रयोगांत शेकडो मिलिग्रॅम दिले जाते. 500 मिलिग्रॅमसाठी दोनशेहून अधिक बाटल्या लागतील. त्यात 2012 साली कनेक्टिकट विद्यापीठाने जाहीर केले की, रेस्व्हेराट्रॉलवर भरपूर लिहिणारे त्यांचे संशोधक दीपक दास यांच्या कामात 145 ठिकाणी बनावट किंवा फेरफार केलेली माहिती सापडली. दास यांनी आरोप नाकारले, पण अनेक निबंध मागे घेतले गेले. फक्त औषधाच्या दुकानातल्या डब्या मागे घेतल्या गेल्या नाहीत.

थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, असे अनेक जुन्या अभ्यासांत दिसत होते हे खरे. पण ‘न पिणारे’ कोण, हे पाहिले पाहिजे. ब्रिटनमधल्या शेपर यांनी 1988 सालीच दाखवले की, त्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले बरेच लोक असतात. त्यांच्याशी तुलना केली तर कोणीही ठणठणीत दिसेल. शिवाय पाश्चात्त्य देशांत जेवणाबरोबर एक पेला घेणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी असतो, फिरायला जातो, डॉक्टरकडे वेळेवर जातो. त्याच्या आयुष्याचे श्रेय पेल्याला मिळते. चीनमध्ये पाच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत, अल्कोहोल पचवण्याच्या जनुकांचा आधार घेऊन, हा गुंता सोडवला गेला. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार, थोडे पिण्याने पक्षाघातापासून संरक्षण मिळत नाही. पिणे वाढते तसा रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

कर्करोगाबाबत तर शंका फार पूर्वीच संपली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच मद्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकले. तंबाखू त्याच गटात आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन, इतकी ठिकाणे यादीत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले की, आरोग्याच्या दृष्टीने सुरक्षित म्हणावी अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही. महाराष्ट्राच्या संदर्भात यात एक भर घालायला हवी. तंबाखू, गुटखा, मिश्री यांच्या जोडीला मद्य आले की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, तो गुणाकाराने वाढतो. ही जोडी कोणत्याही चाखणीत सांगितली जात नाही आणि ती सर्वांत जास्त प्रचलित आहे.

म्हणून त्या निवृत्तीला टेकलेल्या माणसाला द्यायचे उत्तर सरळ आहे. हृदयासाठी घेऊ नका. मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी मुळीच नको, रात्री साखर धोकादायक खाली जाऊ शकते. यकृतावर चरबी असेल, क्षयाचे औषध चालू असेल, झोपेची गोळी असेल तर नाही. गरोदर स्त्रीने अजिबात नाही. यापैकी काही नसेल आणि चव आवडते म्हणून कधीतरी घोटभर घेणार असाल तर धोका थोडा आहे, शून्य नाही, आणि तो तुम्ही चवीसाठी पत्करता आहात, औषध म्हणून नाही. मोठ्या माणसाला असा निर्णय घेता येतो. खोट्या कारणासाठी घ्यायला लावणे हे मात्र त्याला फसवणे आहे.

आता पुन्हा उंबरमाळीकडे. या टापूत दारू नवी नाही. ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी यांच्या वाड्यापाड्यांभोवती मोहाची झाडे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळालेली फुले वेचली जातात. मोहाचे फूल साखरेने भरलेले असते. ते वाळवून, शिजवून, भाजून खातात आणि तेच आंबवून दारूही गाळतात. ब्रिटिश सरकारला अबकारीचे उत्पन्न हवे होते. 1878 च्या अबकारी कायद्याने घरगुती गाळप बंद करत आणले आणि 1892 च्या मोह कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरच निर्बंध आणले. दारूच्या महसुलासाठी लोकांच्या खाण्याच्या फुलाला कुलूप लावले गेले. स्वातंत्र्यानंतरही मोहफुलांवर बंधने राहिली; ती राज्य सरकारने 2021 साली उठवली.

याचा अर्थ मोहाची दारू बिचारी आणि वाइन खलनायक असा नाही. हातभट्टीने या पाड्यांत काय केले ते सरकारी रुग्णालयाच्या पुरुष वॉर्डात पाहता येते: फुगलेले पोट, पिवळे डोळे, रक्ताची उलटी, आणि पायथ्याशी बसलेली बायको, जिचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. फरक आहे तो भाषेत. घाटावर मोसमातल्या द्राक्षाची चव, मातीचा गुण, जेवणाशी जोडी असे शब्द आहेत. घाटाखाली ‘ढोसणे’ आणि ‘व्यसन’ असे शब्द आहेत. मोहाच्या फुलाला वास नाही का? त्याचा तो जड, गोड, थोडा कुबट वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. चवीचे शब्द एकाला आणि आजाराचे शब्द दुसऱ्याला, ही वाटणी रेणूंनी केलेली नाही. आणि तिचा तोटा दोन्हीकडे होतो. वायनरीतला पिणारा स्वतःला पिणारा समजत नाही, म्हणून तपासणीला येत नाही. त्याच्या यकृताची गोष्ट सोनोग्राफीत अपघाताने कळते. पाड्यावरचा पिणारा ‘बेवडा’ ठरतो, म्हणून लाजेने येत नाही. तो येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

उरला तो रविवार संध्याकाळचा घाट. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता सहा वाइन, प्रत्येकी 30 मिलिलिटर, न थुंकता तासाभरात घेतल्या असे धरू. एकूण 180 मिलिलिटर, म्हणजे साधारण 18 ग्रॅम अल्कोहोल. 70 किलोचा पुरुष यातच मर्यादेच्या आसपास पोहोचतो. 55-60 किलोची स्त्री बहुधा ती ओलांडते, कारण तिच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते. ही झाली ‘नुसती चव’. त्यावर जेवणाबरोबर अर्धी बाटली म्हणजे आणखी 38 ग्रॅम. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच जाळते. तीनला जेवून उठलेला माणूस रात्री आठपर्यंत तरी मोकळा होत नाही. कॉफीने झोप उडते, अल्कोहोल उडत नाही. ताक, लिंबू, थंड पाण्याचा हबका यांनीही नाही.

आणि त्याला वाटते मात्र की आपण ठीक आहोत. अल्कोहोलचा पहिला घाव निर्णयशक्तीवर पडतो, पाय नंतर लडखडतात. जुना कसारा घाट वळणांचा होता, निदान भीती तरी होती. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शहापूरच्या डोंगरांतून सरळ, गुळगुळीत रस्ता आणि लांब बोगदा मिळाला. सरळ रस्त्यावर पेंगुळलेल्या चालकाला जागे ठेवणारे काही नसते. अपघात झाला की सुरुवातीचा मोलाचा तास घाटाखालच्या सरकारी यंत्रणेच्या हातात असतो. तिथे एका रात्री एक-दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि आधीच आलेली बाळंतीण, सर्पदंश, तापाचे मूल. डोक्याला मार लागलेला, तोंडाला वाइनचा वास येणारा माणूस बेशुद्ध आहे तो मारामुळे की मद्यामुळे, हे ठरवण्यात वेळ जातो, आणि मेंदूत रक्तस्राव होत असेल तर तोच वेळ नसतो. धडकेत सापडलेला दुचाकीवाला किंवा रस्ता ओलांडणारा गावकरी तर कुठल्याच चाखणीला गेलेला नसतो.

मग चाखणीला जाऊ नये का? जावे, ज्याला आवड आहे त्याने. आपल्या जिल्ह्याशेजारी द्राक्षाचे इतके प्रकार पिकतात, त्यांची चव माहीत असणे वाईट नाही. पोट भरून जावे, सहापैकी तीनच पेले निवडावे, प्रत्येकाचा घोट नीट घोळवून थुंकावा, मधे पाणी प्यावे. गाडी चालवणारा आधी ठरवावा आणि त्याने वासापुरतेच चाखावे. चवीचा मोठा भाग वासातच असतो, त्यामुळे त्याचे फार नुकसान नाही. मुक्काम करणे सर्वांत चांगले. नाहीतर रेल्वे आहे. नाशिकरोडहून गाडी पकडून कसाऱ्याला उतरले की पुढे लोकल मिळते. पहिलेच स्थानक उंबरमाळी.

वायनऱ्यांनीही दोन गोष्टी कराव्यात. पेल्याशेजारी किती ग्रॅम अल्कोहोल ते लिहावे आणि पिकदाणी कोपऱ्यातून उचलून टेबलाच्या मधोमध ठेवावी. ती नसेल तर पाहुण्याने मागून घ्यावी. पहिल्यांदा थोडे लाजल्यासारखे होईल, शेजारचे टेबल वळून बघेल. दुसऱ्या पेल्यापर्यंत तेही मागतील.